चांद्याचा गोल बाजार

चंद्रपूरच्या, म्हणजे जुन्या चांद्याच्या, गोंडकालीन परकोटाला जटपुरा, अंचलेश्वर, बिनबा आणि पठाणपुरा असे चार मोठे दरवाजे आहेत. कोटाच्या आत गांधी चौक आणि त्याच्याजवळ गोल बाजार. गडचिरोली 26 ऑगस्ट 1982 रोजी चंद्रपूरपासून वेगळा जिल्हा झाला. तोवर लांबच्या सिरोंचा-अहेरीचीही जिल्हा कचेरी इथेच होती. एवढ्या लांबून चांद्याला यायचं म्हणजे एकाच फेरीत कोर्टाची तारीख आणि बाजार दोन्ही उरकायचं.

जंगलात काय पिकलं, हे शहराला या बाजारात कळायचं. उन्हाळ्यात टेंभरं, चारोळी, मोहफुलं यायची. पाऊस पडला की वास्ते म्हणजे बांबूचे कोवळे कोंब, सात्या म्हणजे रानातल्या अळंब्या, काटवल आणि तरोट्याची भाजी. खेड्यातल्या बायका टोपल्या मांडून बसत. वास्ते किती उकळायचे, कडूपणा कसा घालवायचा, हे त्या नवख्या गिऱ्हाइकाला समजावून सांगत. ते ज्ञान त्यांचं होतं आणि भाजीबरोबर त्या ते मोकळ्या हाताने देत.

कापडाच्या दुकानात वेगळं जग असे. सकाळी पोऱ्या दुकान झाडून पाणी शिंपडायचा, गादीवरची पांढरी चादर ताणून घालायचा. लग्नाचा बस्ता बांधायला अख्खं कुटुंब यायचं, अर्धा दिवस बसायचं. नवरीच्या शालूपासून मामाच्या धोतरापर्यंत सगळं एकाच गादीवर ठरायचं. दुकानदार चहा मागवायचा. पैशांचं बोलणं शेवटी, तेही बहुतेकदा धान निघाल्यावरच्या बोलीवर. उधारीची वही मात्र दुकानदाराच्या हातात असायची. ज्याला वाचता येत नव्हतं, त्याला तिच्यातल्या आकड्यावर विश्वास ठेवावा लागे. काहींनी तो सांभाळला, काहींनी त्याचा फायदा घेतला. त्या दिवसांची आठवण काढताना दोन्ही सांगायला हवं.

कोळसा खाणी आणि बल्लारपूरची पेपर मिल यांनी बाजाराला पगाराची तारीख दिली. कामगार लांबलांबून आलेले, म्हणून गादीवरचा माणूस मराठीइतकीच हिंदी बोले आणि तेलुगूचे चार शब्द शिकून घेई. चैत्रात महाकालीच्या यात्रेला मराठवाड्यातून भाविक आले की बांगड्या, कुंकू, प्रसाद यांच्या दुकानांना उसंत नसे.

आता जटपुरा दरवाजातून वाहनं मुंगीच्या पावलांनी सरकतात आणि बरीचशी खरेदी फोनवर होते. पण 2017 मध्ये इको-प्रो संस्थेच्या तरुणांनी झाडाझुडपांत हरवलेला कोट श्रमदानातून साफ करायला घेतला, तेव्हा हे शहर स्वतःच्या वारशासाठी घाम गाळू शकतं हे दिसलं. बाजारही त्याच वारशाचा भाग आहे. टोपली घेऊन येणाऱ्या बाईला सावलीची हक्काची जागा, प्यायला पाणी, स्वच्छतागृह आणि ग्राहकाला निर्धास्त चालता येईल असा रस्ता, एवढं तरी त्याला मिळायला हवं. दगडांची निगा राखणाऱ्या शहराने कोटाच्या आत पोट भरणाऱ्या माणसांचीही राखावी.