कढईविना रोल : हिशेब करून पाहा

रमजानात समोसे, रोल घरोघरी तळले जातात. आम्ही अहमदनगरचे, म्हणजे आताच्या अहिल्यानगरचे कापडवाले. पण तेलाचा हिशेब आम्हालाही कळतो. तळणीला कढईभर तेल लागते, उरलेले पुन्हा पुन्हा तापते. अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या २०१८ पासूनच्या नियमानुसार तेलातील ध्रुवीय घटक २५ टक्क्यांवर गेले की ते खाण्यास बाद. घरी हे मोजणार कोण?

उपाय सोपा आहे. समोसा पट्टीत कोरडे सारण भरा, मैद्याच्या खळीने कडा चिकटवा, वरून तेलाचा हात फिरवा. २०० अंशांवर तापलेल्या ओव्हनमध्ये रोल सुटे मांडून १५ ते २० मिनिटे भाजा. मध्ये एकदा उलटा. सारण ओले असेल तर पट्टी मऊ पडते. डझनभर रोलला दोन-तीन चमचे तेल पुरते. तळलेल्याची चव हुबेहूब येणार नाही, पण रोल कुरकुरीत होतात आणि मगरिबपूर्वी घरच्या बायका कढईपुढून मोकळ्या होतात.

यात धंदाही आहे. ईदची नानकटाई आपण बेकरीत भाजून आणतोच. बेकरीवाल्या भावांनी असरनंतर घरोघरचे रोलचे ट्रे भाजून द्यावेत, ट्रेमागे मजुरी ठरवावी. घरी पट्टी लाटणाऱ्या भगिनींचेही गिऱ्हाईक वाढेल. येत्या रमजानात एका मोहल्ल्यापासून सुरुवात करून पाहावी.