नोकरीवर जाणारी आई आणि बाळाचे दूध

बाळ तीन-साडेतीन महिन्यांचे झाले, की दवाखान्यात येणाऱ्या आयांचे दोन प्रश्न ठरलेले असतात. "डॉक्टर, रजा संपत आली, आता वरचे दूध सुरू करू का?" हा पहिला आणि "पंप घ्यायचा म्हणते, कोणता घेऊ?" हा दुसरा. पहिल्या प्रश्नाचे माझे उत्तर "घाई करू नका" असे असते. दुसऱ्याचे उत्तर मात्र दोन वाक्यांत देता येत नाही, म्हणून आजचा लेख त्यासाठी.

बाळाला पहिले सहा महिने फक्त आईचे दूध द्यावे आणि पुढे वरच्या अन्नाबरोबर ते दोन वर्षांपर्यंत चालू ठेवावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. आपल्याकडे २०१७ साली कायद्यात दुरुस्ती होऊन पहिल्या दोन बाळंतपणांसाठी भरपगारी रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवड्यांवर गेली. तथापि त्यातले ८ आठवडे प्रसूतीपूर्वी घेतले, तर आई कामावर रुजू होताना बाळ जेमतेम चार महिन्यांचे असते. शिवाय लहान दुकानात, खासगी शिकवणीत किंवा शेतावर राबणाऱ्या बाईला अशी रजा मिळत नाही. अशा वेळी दूध काढून ठेवणे हाच मार्ग उरतो, आणि तो वाटतो तितका अवघड नाही.

पान्हा कशावर अवलंबून असतो?

पुष्कळ जणींची समजूत असते, की दूध हे हंड्यातल्या पाण्यासारखे असते. सकाळी काढून ठेवले, तर दुपारी बाळाला कमी पडेल. प्रत्यक्षात उलट घडते. बाळ ओढते किंवा दूध काढले जाते, तेव्हा मेंदूतल्या ग्रंथीतून दोन संप्रेरके सुटतात. प्रोलॅक्टिन दूध तयार करते आणि ऑक्सिटोसिन ते बाहेर सोडते, म्हणजेच पान्हा फोडते. स्तन वारंवार रिकामे झाले, तर दूध अधिक बनते. भरलेले तसेच राहिले, तर "आता पुरे" असा संदेश मिळून ते बनण्याचा वेग मंदावतो. मागणी तसा पुरवठा, असा हा हिशेब आहे. म्हणूनच एकदा वरचे दूध सुरू केले, की बाळ अंगावर कमी ओढते, त्यामुळे दूध कमी होते, मग वरचे आणखी वाढवावे लागते. या चक्रात सापडलेल्या आया मी रोज पाहते.

ऑक्सिटोसिनचा मनाशी जवळचा संबंध आहे. घाई, दुखणे, भीती, कोणी येईल ही धास्ती, यांनी पान्हा अडतो. बाळाचा फोटो पाहिला, त्याचे दुपटे जवळ घेतले, पाठीवरून कोणी हात फिरवला, की तो मोकळा होतो.

पंपाआधी हात

पंप विकत घेण्यापूर्वी हाताने दूध काढायला शिका, असे मी प्रत्येकीला सांगते. त्याला पैसा लागत नाही, वीज लागत नाही आणि बाळंतपणानंतरच्या पहिल्या दोन-तीन दिवसांत, चिकाचे दूध थेंबाथेंबाने येते तेव्हा, हातच अधिक उपयोगी पडतो. पंपात ते थेंब नळीलाच चिकटून वाया जातात.

हात साबणाने स्वच्छ धुऊन आरामात बसावे. स्तनाला हलका मसाज करावा. अंगठा वर आणि बोटे खाली, स्तनाग्रापासून दोन-तीन सेंटिमीटर मागे ठेवावीत. आधी छातीच्या दिशेने किंचित मागे दाबावे, मग अंगठा व बोटे एकमेकांकडे दाबून सोडावीत. असे लयीत करीत राहावे. स्तनाग्र ओढू नये, चिमटू नये, बोटे कातडीवर घासू नयेत. सुरुवातीला मिनिटभर काहीच आले नाही, तरी थांबू नये. धार कमी झाली, की बोटांची जागा बदलावी आणि मग दुसऱ्या बाजूला वळावे.

पंप निवडताना

बाजारात साधारण तीन प्रकार दिसतात. पहिला रबरी फुग्याचा, सायकलच्या भोंप्यासारखा. तो स्वस्त असला, तरी घेऊ नये. दूध फुग्यात शिरते, तो आतून नीट धुता येत नाही आणि त्याची ओढ किती असावी हे आपल्या ताब्यात राहत नाही.

दुसरा हाताने दांडी दाबून चालवायचा. दिवसातून एखाद-दोन वेळा दूध काढायचे असेल, तर तो पुरेसा आहे. त्याला विजेची गरज नसते आणि पर्समध्ये मावतो.

तिसरा विजेवरचा. आठवड्यातले पाच-सहा दिवस सात-आठ तास बाहेर राहणाऱ्या आईला तो सोयीचा पडतो. दोन्ही बाजूंचे दूध एकाच वेळी काढणारा घेतला, तर वेळ जवळजवळ निम्मा वाचतो. आपल्याकडे विजेचा भरवसा नाही, तेव्हा चार्जिंगवर चालणारा पाहावा. दूध आणि मोटार यांच्यामध्ये पडदा असणारा, म्हणजे दूध नळीत किंवा मोटारीत शिरू न देणारा प्रकार अधिक स्वच्छ राहतो. त्याच्या रबरी झडपा सुट्या मिळतात ना, हेही दुकानदाराला विचारावे; झडप सैल झाली, की ओढ कमी होते आणि आईला वाटते, आपलेच दूध आटले.

सगळ्यांत महत्त्वाचे म्हणजे स्तनावर बसणाऱ्या कपाचे माप. पंपासोबत येणारा कप प्रत्येकीला बसतोच असे नाही. पंप चालू असताना स्तनाग्र कपाच्या नळीत मोकळेपणाने पुढे-मागे व्हावे. ते कडांना घासू नये आणि भोवतालचा काळा भाग फारसा आत ओढला जाऊ नये. ओढ जास्त ठेवली म्हणजे दूध जास्त येते, हा गैरसमज आहे. दुखणार नाही इतकीच ओढ ठेवावी. बहिणीचा किंवा शेजारणीचा वापरलेला घरगुती पंप मागून आणू नये.

दूध वाढवायचे कसे?

कामावर जाण्याच्या दोन-तीन आठवडे आधी सुरुवात करावी. सकाळी दूध भरपूर असते, तेव्हा बाळाला पाजून झाल्यावर एकदा काढावे. कामावर रुजू झाल्यावर दर तीन तासांनी, म्हणजे सर्वसाधारणपणे दोन वेळा, पंधरा-वीस मिनिटे काढावे. धार थांबल्यावरही दोन मिनिटे चालू ठेवावे; त्या वेळी हाताने मसाज व दाब दिल्यास अधिक दूध निघते. घरी असताना बाळाला थेट अंगावरच पाजावे आणि रात्रीचे पाजणे बंद करू नये, कारण रात्री प्रोलॅक्टिन अधिक असते.

मध्यंतरी एक शिक्षिका रडकुंडीला येऊन सांगू लागली, "पंपाने तीस मिलीच निघते, माझे दूध संपले." घरात डब्याची पावडर आणूनही ठेवली होती. मी बाळाचे वजन केले. ते व्यवस्थित वाढत होते आणि दिवसातून सात-आठ वेळा लघवी होत होती. म्हणजे बाळाला दूध पुरत होते. कप तिच्या मापाचा नव्हता, एवढेच. पंपात किती आले यावरून अंगात दूध किती आहे हे ठरत नाही. बाळ पंपापेक्षा पुष्कळ चांगले ओढते. वजन आणि लघवी, हीच खरी मोजपट्टी.

अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, मेथी, शतावरी यांविषयीही विचारणा होते. अळीव-डिंकाने बाळंतिणीचे पोषण होते, ते जरूर खावे. पण वारंवार दूध काढले नाही, तर नुसत्या लाडवांनी पान्हा वाढत नाही. बाळंतिणीला पाणी कमी देण्याची पद्धत मात्र सोडून द्यावी. तहान लागेल तितके पाणी प्यावे. दूध वाढवण्याच्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत.

साठवण आणि पाजणे

काढलेले दूध झाकणाच्या स्वच्छ स्टीलच्या किंवा काचेच्या भांड्यात ठेवावे व त्यावर वेळ लिहावी. २५ अंशांपर्यंतच्या तापमानात ते चार तास चांगले राहते. आपल्याकडच्या उन्हाळ्यात तेवढा वेळही धरू नये. कामावर असाल, तर भांडे बर्फ घातलेल्या थर्मासमध्ये ठेवावे. फ्रिजमध्ये, दारात न ठेवता आतल्या बाजूला, ते चार दिवस टिकते. पण वीज वारंवार जात असेल, तर त्याच दिवशी वापरावे. साय वर आली म्हणजे दूध फाटले असे नव्हे, भांडे हलकेच फिरवले की ते एकजीव होते. गॅसवर किंवा मायक्रोवेव्हमध्ये तापवू नये. कोमट पाण्यात भांडे ठेवावे. बाटलीपेक्षा वाटी-चमचा किंवा आपले जुने बोंडले बरे, मात्र ते प्रत्येक वेळी धुऊन उकळावे. पंपाचे दूध लागणारे भागही तसेच. एका वेळी ६० ते १२० मिली इतकेच काढून घ्यावे, कारण उष्टे राहिलेले दूध पुन्हा साठवता येत नाही.

अपुऱ्या दिवसांचे बाळ

बाळ अतिदक्षता कक्षात असेल, तर वाट पाहू नये. जन्मानंतर पहिल्या काही तासांतच हाताने दूध काढायला सुरुवात करावी आणि रात्रीसह दिवसातून आठ-दहा वेळा काढावे. पहिल्या दिवशी चमचाभर निघाले, तरी ते औषधासारखे मोलाचे असते. मुंबईच्या शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात १९८९ साली मातृदुग्ध पेढी सुरू झाली, ती अशाच बाळांसाठी. तिथे दान केलेले दूध तपासून व निर्जंतुक करून देतात. शेजारणीचे दूध परस्पर पाजणे हा त्याला पर्याय नव्हे.

स्तनात गाठ येऊन लाली, ताप, थंडी वाजणे सुरू झाले, तर डॉक्टरांकडे जावे. पाजणे थांबवू नये, आणि गाठ मोकळी व्हावी म्हणून जोराने चोळू किंवा सारखा पंपही लावू नये.

शेवटी घरच्यांना आणि साहेबांना एक सांगणे. बाळ १५ महिन्यांचे होईपर्यंत कामाच्या वेळेत दूध पाजण्यासाठी दोन वेळा सुट्टी घेण्याचा हक्क कायद्यात आहे आणि ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी पाळणाघराची तरतूदही आहे. जिथे एवढे नाही, तिथे निदान कडी लावता येईल अशी एक खोली, एक खुर्ची आणि हात धुवायला पाणी द्यावे. शाळेत, बँकेत, पंचायतीच्या कार्यालयात इतके करणे कोणालाही जड नाही. तेवढ्याने एका बाळाचे दूध वाचते.