नवख्याच्या सायकलीजवळ उभे राहा

आपल्या वस्त्यांतील कितीतरी तरुण-तरुणी आज जिममध्ये प्रशिक्षक म्हणून काम करतात. काहींच्या वाट्याला जागच्या जागी चालणाऱ्या सायकलींचा वर्ग येतो. दक्षिण आफ्रिकेत जन्मलेले सायकलपटू जॉनी गोल्डबर्ग यांनी १९८० च्या दशकात कॅलिफोर्नियात हा प्रकार रुजवला. बंद खोली, मोठ्याने गाणी आणि घामाघूम झालेली माणसे! गंमत आहे खरी, पण शिकवणाऱ्याच्या हाती पंधरा-वीस जणांचे गुडघे आणि काळीज असते.

ही सायकल रस्त्यावरच्या सायकलीसारखी नाही. बहुतेक सायकलींत जड चाक पायडलला थेट जोडलेले असते. पाय थांबवला तरी पायडल फिरतच राहते आणि पायाला हिसका बसतो. म्हणून ब्रेकची मूठ दाबून चाक कसे थांबवायचे, हे प्रत्येकाकडून आधी करवून घ्यावे. लोंबती ओढणी, सुटलेली नाडी दिसली तर भीड न धरता सांगावे.

सीट साधारण कमरेच्या हाडाइतकी उंच हवी. पायडल तळाला असताना गुडघा किंचित वाकलेला राहिला पाहिजे. सीट फार खाली असली तर गुडघ्याला पुढून कळ लागते. फार वर असली तर कंबर दोन्हीकडे हेलकावे खाते. हे मंचावरून ओरडून समजत नाही. प्रशिक्षकाने खाली उतरून पाहावे.

सर्वांत मोठी काळजी नवख्याची. २०१७ साली अमेरिकेतील डॉक्टरांनी वैद्यकीय नियतकालिकात असे रुग्ण नोंदवले, की पहिल्याच वर्गात जोर केल्याने त्यांच्या मांड्यांचे स्नायू विरघळू लागले. त्यातून निघणारे द्रव्य मूत्रपिंड निकामी करू शकते. हे केवळ म्हाताऱ्यांना होते असे नाही. धडधाकट तरुणालाही होते. तेव्हा नवख्याने पहिल्या दिवशी निम्म्या वेळात उतरले तरी त्याला शाबासकीच द्यावी. "अजून जोर, अजून जोर" हे त्याच्यासाठी नव्हे.

बुद्धांच्या संघातील सोण कोळिविसाची गोष्ट आपल्या घरांत ठाऊक आहे. चालून चालून त्याचे तळवे रक्तबंबाळ झाले, तेव्हा तथागतांनी त्याला वीणेच्या तारांचा दाखला दिला. तार फार ताणली तरी सूर नाही, सैल सोडली तरी नाही. विनयात पुढे असेही आहे, की त्यानंतर भिक्खूंना एकतळी वहाणा घालण्याची मुभा मिळाली. उपदेशाबरोबर पायांचीही सोय झाली, हे आम्हाला फार मोलाचे वाटते.

ताण ओळखण्याची साधी रीत म्हणजे बोलून पाहणे. एक वाक्य सलग बोलता आले तर ठीक. शब्दागणिक धाप लागली तर मूठ सैल करावी. रक्तदाबाच्या काही गोळ्यांमुळे नाडी फारशी वाढत नाही, तिथे घड्याळातल्या आकड्यापेक्षा हीच खूण खरी. मधुमेहाची औषधे घेणाऱ्यांनी साखरेची गोळी जवळ ठेवावी.

मग वर्गात रंग कसा भरावा? गाण्याच्या ठेक्यावर कधी चढ, कधी सपाट रस्ता करावा. पण आवाज इतकाच, की मागच्या रांगेतल्या ताईंनी "थांबा" म्हटलेले ऐकू यावे. प्रत्येकाला नावाने हाक मारावी. नावाने हाक मारली की दमलेल्याचाही चेहरा खुलतो.

शेवटची पाच मिनिटे हळू पाय चालवून मगच उतरू द्यावे, नाहीतर घेरी येते. आणि नवख्याला जाताना सांगावे: दोन-तीन दिवसांत मांड्या सुजल्या, असह्य दुखल्या किंवा लघवी काळ्या चहासारखी झाली, तर घरी मालीश करत न बसता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.