संख्या आणि शोध : खोट्या आरोपाविषयीचा ख्रिस्ती विचार

शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देऊ नये, ही दहा आज्ञांमधील आज्ञा आज सर्वसाधारण असत्यकथनाचा निषेध म्हणून वाचली जाते. तिचा मूळ संदर्भ मात्र न्यायसभेचा आहे. जेथे साक्षीदाराच्या शब्दावर माणसाचा प्राण जाऊ शकत होता, तेथे खोटी साक्ष हे हत्येचेच साधन होते. म्हणूनच ‘अनुवाद’ या ग्रंथाच्या १९व्या अध्यायात तीन बंधने एकत्र येतात : एकाच साक्षीदारावरून कोणास दोषी ठरवू नये, न्यायाधीशांनी कसून चौकशी करावी, आणि साक्ष खोटी ठरल्यास आरोपीसाठी योजलेली शिक्षा साक्षीदारासच द्यावी. ख्रिस्ती परंपरेने हा वारसा स्वीकारला. मत्तयाच्या शुभवर्तमानात मंडळीतील तक्रारीसंबंधी, तर तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात वडिलांवरील आरोपासंबंधी दोन-तीन साक्षीदारांचा नियम पुन्हा येतो.

यांपैकी संख्येचे बंधन पाळण्यास सर्वांत सोपे, आणि म्हणूनच सर्वांत फसवे आहे. ‘१ राजे’ या ग्रंथातील नाबोथाच्या कथेत हे स्पष्ट होते. द्राक्षमळा बळकावण्यासाठी ईजबेल राणी राजाच्या मुद्रेने पत्रे पाठवते, उपास जाहीर होतो, देव व राजा यांना शाप दिल्याची साक्ष देण्यास दोन माणसे उभी राहतात आणि नाबोथ दगडमाराने मरतो. नियमाचा भंग कोठेच दिसत नाही. नियमच शस्त्र झालेला असतो.

सुसान्नेची कथा या पेचाला उत्तर देते. दानिएलाच्या ग्रंथाच्या ग्रीक पाठांत असलेली ही कथा कॅथलिक बायबलमध्ये १३वा अध्याय म्हणून येते. प्रॉटेस्टंट परंपरा तिला प्रमाणग्रंथांत स्थान देत नाही. बाबिलोनमधील दोन वडील, जे न्यायाधीशही आहेत, सुसान्नेला बागेत एकटी गाठतात व तिने नकार देताच तिच्यावर व्यभिचाराचा आरोप करतात. साक्षीदार दोन आहेत, प्रतिष्ठित आहेत. सभा तिला मृत्युदंड देते. तरुण दानिएल त्या दोघांना वेगवेगळे करून एकच प्रश्न विचारतो : हे कोणत्या झाडाखाली घडले? दोघे दोन झाडांची नावे सांगतात. ग्रीकमध्ये या वृक्षनामांवर श्लेष आहे. त्यावरूनच तिसऱ्या शतकात ज्युलियस आफ्रिकानसने ओरिगेनला पत्र लिहून कथा मूळ ग्रीकच असल्याचा तर्क मांडला.

येथे संख्या असत्याच्या बाजूला आहे आणि सत्य सांगणारी स्त्री एकटी आहे. तिला वाचवते ती दुसऱ्या बंधनातील चौकशी. वाल्मीकिरामायणातील सीतेच्या अग्निपरीक्षेशी तुलना केल्यास हा भेद ठळक होतो : तेथे शुद्धता सिद्ध करण्याचा भार संशयितेवर आहे, येथे परीक्षा आरोप करणाऱ्यांची होते. अर्थात, दिव्याची कल्पना बायबललाही परकी नाही. ‘गणना’ या ग्रंथाच्या ५व्या अध्यायात पतीला संशय आलेल्या स्त्रीला कडू पाणी पाजण्याचा विधी आहे. सुसान्नेची कथा त्या मार्गाने जात नाही, यातच तिचे वेगळेपण आहे.

पौलाने या विचारात आणखी एक पदर जोडला. यरुशलेममधील गरजूंसाठीचा निधी नेताना त्याने मंडळ्यांनी निवडलेला माणूस तीताबरोबर पाठवला. व्यवहार केवळ देवासमोर नव्हे, तर माणसांसमोरही निर्दोष दिसावा, अशी त्याची भूमिका होती (२ करिंथ, अध्याय ८). निर्दोष असणाऱ्यानेही आपला व्यवहार तपासणीसाठी खुला ठेवावा, असा याचा अर्थ.

हा प्रश्न केवळ ग्रंथगत नाही. ऑस्ट्रेलियात २०१३ ते २०१७ या काळात बालकांवरील लैंगिक अत्याचारांची चौकशी करणाऱ्या शाही आयोगाने यहोवाचे साक्षीदार या पंथातील दोन साक्षीदारांच्या नियमावर टीका केली. असे अत्याचार एकांतात घडतात. तेथे दुसरा साक्षीदार मागणे म्हणजे पीडित बालकाचे म्हणणे अग्राह्य ठरवणे होय. निरपराधाच्या रक्षणासाठी केलेला नियम अशा वेळी अपराध्याची ढाल बनतो. नियमाचे अक्षर नाबोथाला वाचवू शकले नाही आणि या बालकांनाही नाही. खोटा आरोप रोखणे व खरी तक्रार ऐकणे ही परस्परविरोधी कर्तव्ये वाटतात ती साक्षीदार केवळ मोजले जातात तेव्हा. दानिएलाने साक्षीदार मोजले नाहीत, त्यांना प्रश्न विचारला. दोन्ही कर्तव्ये एकाच वेळी पार पडली ती त्यामुळेच.