क्रेडिट रिपोर्टमधला नंबर तुमच्या कार्डाशी जुळत नाही? घाबरण्याआधी हे वाचा

स्कोअर बघायला क्रेडिट रिपोर्ट डाऊनलोड केला. स्कोअर ठीकच आहे, पण खाली क्रेडिट कार्डासमोर भलताच नंबर दिसतोय. हातातल्या कार्डावरच्या १६ आकड्यांशी त्याचा काही मेळच नाही. माझ्या नावावर कुणी दुसरंच कार्ड काढलं की काय?

बहुतेक वेळा तसं नसतं. कार्डावरचा नंबर आणि बँकेकडचा खाते क्रमांक या दोन वेगळ्या गोष्टी असू शकतात. कार्ड हरवलं की नवं कार्ड नव्या नंबराने येतं, खातं मात्र तेच राहू शकतं. काही बँका ब्युरोला हा आतला क्रमांक कळवतात, तर काही कार्डाचाच नंबर मधले आकडे 'एक्स'ने झाकून पाठवतात. बँकेकडून आलं ते रिपोर्टमध्ये दिसतं. (महिन्यांच्या तक्त्यातला 'एक्सएक्सएक्स' वेगळा बरं का. त्याचा अर्थ, त्या महिन्याची माहिती बँकेने पाठवलेली नाही.)

म्हणून खातं ओळखताना नंबरावर अडून बसू नका. बँकेचं नाव, खातं उघडल्याची तारीख आणि क्रेडिट लिमिट बघा. को-ब्रँडेड कार्ड असेल तर कार्डावरचं दुकानाचं नाव रिपोर्टमध्ये शोधू नका. अमेझॉन पेचं कार्ड आयसीआयसीआय बँकेच्या नावावर दिसेल. तारीख, लिमिट आणि बँक, तिन्ही अनोळखी असतील तर मात्र ताबडतोब त्या बँकेला आणि ब्युरोला कळवा.

खरी डोकेदुखी: एकच कार्ड दोनदा

समजा, हरवलेल्या कार्डाची जुनी नोंद बँकेने बंद केलीच नाही आणि नव्या नंबराने दुसरी नोंद पाठवली. तुमची बाकी ४० हजार, पण दोन्हीकडे मिळून दिसणार ८० हजार. गृहकर्जासाठी अर्ज केलात की समोरची बँक हाच आकडा धरणार.

त्या अधिकाऱ्याला हे लक्षात येणार नाही का? अवघड आहे. तुम्ही स्वतः काढलेल्या सिबिल रिपोर्टमध्ये बँकेचं नाव आणि खाते क्रमांक असतो. पण दुसरी बँक तुमचा रिपोर्ट मागवते, तेव्हा इतर बँकांच्या खात्यांसमोर सहसा 'नॉट डिस्क्लोज्ड' एवढंच दिसतं. त्यामुळे ही चूक पकडायची ती तुम्हीच, आणि कर्जाच्या अर्जाआधी.

दुरुस्ती कशी होते?

भारतात चार ब्युरो आहेत: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार प्रत्येकाकडून वर्षातून एक पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो. चूक दिसली की ब्युरोच्या वेबसाइटवर तक्रार करा, त्यालाही पैसे लागत नाहीत. मात्र बँकेने दुजोरा दिल्याशिवाय ब्युरो नोंद बदलत नाही, म्हणून बँकेलाही लेखी कळवा आणि जुनं कार्ड रद्द झाल्याचा ईमेल सोबत जोडा.

तक्रार ३० दिवसांत निकाली निघाली नाही, तर त्यापुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई मिळते. हा नियम २६ एप्रिल २०२४ पासून लागू आहे. दिवस तक्रार केल्याच्या तारखेपासून मोजतात, त्यामुळे तक्रार क्रमांकाचा स्क्रीनशॉट त्याच दिवशी काढून ठेवा. तो ग्रुपवर टाकायचा मोह झालाच, तर आधी पॅन आणि पत्ता झाका. खाते क्रमांक झाकलेला असला, तरी या दोन गोष्टी रिपोर्टमध्ये उघड्या असू शकतात.