झुइडासमध्ये डास नाही

अ‍ॅमस्टरडॅमच्या झुइडासला पहिल्यांदा आलेला मराठी माणूस विचारणारच, ‘इथे डास फार का?’ विनोद ठीक आहे, फोड चुकली. शब्द ‘झुइड’ आणि ‘अस’ असा तुटतो. झुइड म्हणजे दक्षिण, अस म्हणजे अक्ष. झुइड स्टेशनच्या फलाटावर उभं राहिलं की नाव पटतं: मध्ये रूळ, दोन्ही अंगांना ए-टेन महामार्ग आणि त्या अक्षाभोवती बँका नि वकिलांच्या फर्म यांचे टॉवर.

दुसरा गैरसमज जरा शिकलेल्यांचा. हा ‘अस’ म्हणे इंग्रजी ‘अ‍ॅक्सिस’चा डच अवतार! अहो, ‘अ‍ॅक्सिस’ इंग्रजीने स्वतःच लॅटिनमधून उचललाय. ‘अ‍ॅक्सल’ घडला तो जुन्या नॉर्समधल्या ‘ऑक्सुल’वरून. इंग्रजीचा घरचा शब्द होता ‘एअक्स’, तो मागे पडला. डच ‘अस’ यांतल्या कुणाचंच देणं लागत नाही. डचमध्ये जुना ‘क्स’ झिजून ‘स’ झाला, एवढंच. इंग्रजीत फॉक्स, ऑक्स, सिक्स. डचमध्ये व्हॉस, ऑस, झेस. तसाच अस.

मग येतो व्हॉट्सअ‍ॅपचा लाडका दावा: सगळं संस्कृत ‘अक्ष’पासूनच निघालं. तसं नाही. संस्कृत, ग्रीक, लॅटिन या एकाच, कदाचित लुप्त झालेल्या भाषेतून निघाल्या असाव्यात, असं विल्यम जोन्स यांनी 1786 मध्ये कलकत्त्यात मांडलं. पुढच्या अभ्यासाने ते पक्कं केलं. अक्ष, अ‍ॅक्सिस, अ‍ॅक्सल, अस ही चुलत भावंडं. त्यांच्या आजीने लिहिलेली एक ओळही सापडलेली नाही.

खरी गंमत आपल्याच घरात आहे. बैलगाडीच्या ज्या दांड्यावर चाकं फिरतात, ज्याला वंगण घालतात, तो ‘आस’. क्षेत्राचं शेत झालं, कुक्षीची कूस झाली, तसा अक्षाचा आस. म्हणजे मराठी आणि डच, दोघींनी हजारो मैलांवर एकमेकींना न विचारता ‘क्ष’-‘क्स’चा जोड सोपा केला. आस आणि अस यांचं नातं खरं आहे. चेहरे इतके जुळले, तो योगायोग.

म्हणून नुसत्या कानावर भिस्त ठेवू नये. आपल्या ‘आस’चा एक अर्थ आशा, तिचा गाडीशी संबंध नाही. डच ‘अस’चा दुसरा अर्थ राख. झुइडासच्या कॅफेत कुणी ‘असबाक’ मागितला, तर त्यात अक्ष शोधू नका. त्याला सिगारेट विझवायची आहे.