हर्सूलचें पाणी आणि मलिक अंबर

हर्सूल हें नांव उच्चारलें कीं बहुतेकांच्या डोळ्यांपुढें तेथील मध्यवर्ती तुरुंग उभा राहतो. भाविकांना हरसिद्धी देवीचें मंदिर आठवतें, तर शहरांतील जुन्या रहिवाशांना हर्सूलचा तलाव. ज्या शहराला पुष्कळ काळ औरंगाबाद म्हणत आणि ज्याचें नांव २०२३ सालापासून छत्रपती संभाजीनगर असें आहे, त्याच्या दिल्ली दरवाज्यांतून उत्तरेस अजिंठ्याच्या वाटेला लागलें म्हणजे हर्सूल येतें. आतां तें शहरांतच मिसळून गेलें आहे. परंतु सुमारें चारशें वर्षांपूर्वीं ह्याच बाजूच्या टेकड्यांकडे व खाम नदीच्या खोऱ्याकडे एका म्हाताऱ्या सेनापतीची दृष्टि गेली, आणि तेथील जमिनीच्या पोटांतलें पाणी शहराकडे वाहूं लागलें. तो सेनापति म्हणजे निजामशाहीचा वजीर मलिक अंबर. शाळेच्या पुस्तकांत त्याच्या वांट्याला दोन-चार ओळी येतात, आणि त्याहि लढायांच्या. आमच्या मतें त्याच्या लढायांहून त्याच्या पाण्याची आणि त्याच्या जमाबंदीची गोष्ट अधिक मोलाची आहे.

अंबरचा जन्म इ. स. १५४८ च्या सुमारास आबिसिनियांत, म्हणजे आजच्या इथिओपिया देशांत झाला. बालपणींचें त्याचें नांव चापू. गुलामांच्या व्यापाऱ्यांच्या हातीं सांपडून तो तांबड्या समुद्राकांठच्या मोखा बंदरांत व पुढें बगदादेस पोंचला. तेथील मालकानें त्याला लिहावयास-वाचावयास शिकविलें आणि अंबर हें नांव दिलें. तेथून दक्षिणेंत आल्यावर अहमदनगरचा पेशवा चंगीझखान यानें त्याला विकत घेतलें. हा चंगीझखान स्वतः एके काळीं गुलामच होता, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. त्या काळच्या दक्षिणेंत हबशी गुलामाला मंत्रिपदापर्यंत वाट मोकळी होती, हें अंबरनें आपल्या धन्याच्या उदाहरणावरून प्रत्यक्ष पाहिलें असलें पाहिजे. चंगीझखानाच्या मृत्यूनंतर त्याच्या विधवेनें अंबरला मुक्त केलें. मग कांहीं वर्षें विजापूरकरांची चाकरी करून १५९५ च्या सुमारास तो निजामशाहींत परतला, तेव्हां त्याच्यापाशीं अवघे दीडशें स्वार होते. पांच वर्षांनीं, १६०० सालीं, अकबराच्या फौजेनें अहमदनगरचा किल्ला घेतला. राज्य बुडालें असें सर्वांस वाटलें. अंबरनें मात्र राजघराण्यांतील एक मुलगा शोधून त्याला परांड्यास दुसरा मुर्तझा निजामशहा म्हणून गादीवर बसविलें, आणि आपली मुलगी त्याला दिली.

ह्या सोयरिकीचा शेवट वाईट झाला. पीटर व्हान डेन ब्रोके हा डच व्यापारी १६१७ सालीं अंबरला भेटला होता. त्यानें जी हकीकत लिहून ठेवली आहे ती अशी, कीं सुलतानाच्या दुसऱ्या एका बेगमेनें अंबरच्या मुलीला गुलामाची पोर म्हणून हिणविलें. मुलीनें तें बापाला कळविलें. आणि त्याचा परिणाम सुलतान व ती बेगम या दोघांच्या विषप्रयोगांत झाला. हें १६१० सालचें. दरबारांतील अशा हकीकतींत खरें किती आणि ऐकींव किती, हें वाचकांनींच ठरवावें. परंतु साठी ओलांडलेल्या, राज्य हातांत असलेल्या पुरुषाला तो एक शब्द किती खोल लागत असेल, याची कल्पना करणें कठीण नाहीं. आम्ही अंबरला संत ठरवीत नाहीं. प्रतिस्पर्धी राजू दखनी याचाहि त्यानें असाच कठोरपणें निकाल लावला होता.

त्याच १६१० च्या सुमारास अंबरनें खडकी ह्या लहान गांवाच्या जागीं नवें शहर वसविलें. १६१२ मध्यें भडकल दरवाजा उभा राहिला, पुढें नौखंडा महाल झाला. पण १६१६ सालीं मोगलांनीं त्याचा पराभव करून खडकी गांठली आणि शहर जाळून उध्वस्त केलें. पांच वर्षांनीं, १६२१ मध्यें, शहाजादा खुर्रमच्या फौजेनें तोच प्रकार पुन्हां केला. नहरीचें काम १६१७-१८ च्या सुमाराचें मानतात, म्हणजे ह्या दोन होळ्यांच्या मधलें! जळक्या शहराचा धनी एखादा असता तर त्यानें प्रथम तटबंदी धरली असती. अंबरनें पाणी धरलें.

ही नहर कशी चाले, तें थोडें सविस्तर सांगणें जरूर आहे. कारण आपल्या घरच्या नळाशीं तिचें नातें आहे आणि नाहींहि. नदीला बांध घालून तिचें पाणी कालव्यानें नेणें ही एक रीति. अंबरनें ती घेतली नाहीं. पावसाळ्यांत डोंगरावर पडलेलें पाणी मुरुमांतून झिरपत खालीं जातें आणि कठीण खडकावर येऊन थबकतें. हें अदृश्य पाणी खोऱ्याच्या माथ्याशीं विहिरी व भुयारें खणून गोळा करावयाचें, आणि मग अगदीं मंद उतार राखून दगडचुन्याच्या झांकलेल्या मार्गानें व खापरी नळांनीं शहरापर्यंत आणावयाचें, अशी ही योजना. इराणांत अशा भुयारी पाणवाटांना कनात म्हणतात. वाटेंत ठराविक अंतरावर विहिरीसारखीं तोंडें ठेवलेलीं असतात. तेथून उतरून गाळ काढतां येतो आणि आंत हवा खेळती राहते. उतार चुकला तर सगळेंच फसलें. तो जास्त झाला तर पाणी बांधकाम पोखरतें, कमी झाला तर गाळ बसून वाट तुंबते. जेथें जमीन खोलगट असे तेथें बंद नळांतून पाणी खालीं नेऊन चिरेबंदी मनोऱ्यांत पुन्हां वर चढवीत. पाणी आपली पातळी आपण शोधतें, एवढ्याच तत्त्वावर तें चढे. मनोऱ्याच्या माथ्याशीं नळांत कोंडलेली हवा सुटे आणि पाण्याचा जोर बेताचा राही. यंत्र नाहीं, बैल नाहीं, मोट नाहीं.

पुण्याच्या वाचकांस कात्रजच्या तळ्यापासून शनिवारवाड्यापर्यंत आणलेल्या नळाचे उच्छ्वास ठाऊक असतील. नानासाहेब पेशव्यांच्या वेळचें, १७५० च्या सुमाराचें तें काम. पेठांतल्या हौदांवरून कावड भरून नेल्याच्या आठवणी ज्या वाड्यांतून वडीलधाऱ्यांच्या तोंडीं ऐकूं येत, त्या वाड्यांना हें तत्त्व परकें नव्हतें. तेथें तलाव होता, येथें भूगर्भांतला झिरपा. परंतु झांकलेली वाट, बेताचा उतार आणि श्वास घेण्यास जागा, ही तिन्ही अंगें एकच. ह्या दोहोंत थेट गुरुशिष्यसंबंध होता असें आम्ही म्हणत नाहीं.

दुसरा दाखला याहूनहि मौजेचा आहे. अंबरशीं ज्या मोगल सेनापतीनें वर्षानुवर्षें झुंज दिली, तो अब्दुर्रहीम खानखानान, म्हणजे दोह्यांचा कर्ता रहीम. त्याचें ठाणें बऱ्हाणपुरास होतें, आणि तेथें १६१५ च्या सुमारास त्याच्याच अमदानींत सातपुड्याच्या पायथ्याचें झिरपतें पाणी अशाच भुयारांनीं शहरांत आणलें गेलें. तें काम कुंडी भंडारा ह्या नांवानें आजहि पाहावयास मिळतें. तापीच्या खोऱ्यांत आणि खामेच्या खोऱ्यांत हे दोन वैरी एकाच दशकांत जमिनीखालीं पाणी शोधीत होते. शत्रूनें वेढा घातला तर उघडा कालवा तो फोडील, तळ्यांत विष कालवील. झांकलेलें पाणी त्याच्या हातीं सहजीं लागत नाहीं. लढणाऱ्या माणसाची बुद्धि येथें नागरिकांच्या कामीं आली, असें आम्हांस वाटतें.

जहांगीर बादशहाच्या मनाची अवस्था मात्र निराळी होती. त्याच्या दरबारचा प्रख्यात चित्रकार अबुल हसन यानें १६१६ च्या सुमारास काढलेलें एक चित्र आज आयर्लंडांत डब्लिन येथील चेस्टर बीटी संग्रहांत आहे. भाल्याच्या टोंकावर अंबरचें मुंडकें खोंचलेलें आणि पृथ्वीच्या गोलावर उभा राहून बादशहा त्यावर बाण सोडीत आहे, असा त्याचा विषय. वास्तविक अंबर जिवंत होता, आणि तो जहांगीराच्या हातीं कधींच लागला नाहीं! आपल्या आठवणींतहि बादशहानें त्याच्या काळ्या वर्णावरून त्याला शिव्या घातल्या आहेत. जें रणांत साधत नाहीं तें कागदावर साधून घेणें, ही मनाची खोड मानसशास्त्रज्ञांनीं पुढें पुष्कळ उकलून दाखविली. तिचें इतकें सुबक उदाहरण क्वचितच सांपडेल. त्याच दरबारांतील इतिहासकार मुतमदखान यानें मात्र अंबरच्या मृत्यूची नोंद करतांना मोकळ्या मनानें लिहिलें, कीं युद्धांत, हुकमतींत आणि कारभारांत त्याला जोड नव्हती.

आतां जमाबंदीविषयीं. ज्यांच्या घरीं कुळकर्णपणाचे जुने रुमाल अजून बांधून ठेवलेले असतील, त्यांना ह्या भागांत विशेष गोडी वाटावी. ग्रँट डफच्या १८२६ सालच्या मराठ्यांच्या इतिहासांत ह्या व्यवस्थेचें वर्णन आहे. पूर्वीं गांवाचा वसूल मक्त्यानें दिला जाई; मक्तेदार रयतेला पिळून काढी. अंबरनें तो मक्ता मोडला, पाटील-कुळकर्ण्यांची गांवगाड्यांतील जुनी जागा सांवरली, आणि वसुलाचें काम मुसलमान अधिकाऱ्यांच्या देखरेखीखालीं ब्राह्मण कारकुनांकडे सोंपविलें. प्रथम प्रत्यक्ष पीक पाहून त्याचा बेताचा हिस्सा धान्यरूपानें घ्यावयाचा, आणि कांहीं हंगामांचा अनुभव आला म्हणजे त्याची नगदी रक्कम ठरवावयाची, असा त्याचा क्रम होता. शेताचें मोल पाऊसपाण्यावर चढतें-उतरतें, हें ओळखून केलेली ती रीति. पुढें शहाजीराजांच्या पुणें जहागिरींत दादोजी कोंडदेवांनीं जो वसूल बसविला त्याचा आधार 'मलिकंबरी धारा' हाच होता. दूरच्या देशांतून विकत आणलेला मुलगा मराठी गांवाचा हिशेब मराठी माणसांहून नीट समजून घेतो, हें आम्हांस त्याच्या सर्व लढायांहून नवलाचें वाटतें.

फौजेचेंहि तसेंच. विल्यम फिंच हा इंग्रज प्रवासी १६१० च्या सुमारास लिहितो, कीं अंबरपाशीं स्वतःच्या जातीचे सुमारें दहा हजार लोक आणि चाळीस हजारांवर दखनी होते. ह्या दखनींत मराठा बारगिरांचा भरणा मोठा. मोगलांच्या जड फौजेसमोर उघड्या मैदानांत उभें न राहतां तिची रसद तोडावी, रात्रीं छापे घालावे, तिला डोंगरांत ओढावें, ही त्यांची पद्धति. अंबर हा गनिमी काव्याचा आद्य गुरु आणि शिवाजीमहाराज त्याचे शिष्य, असें कांहीं लेखक एका दमांत लिहितात, तें आम्हांस पटत नाहीं. सह्याद्रि आणि तट्टू ज्याच्या वांट्याला आले त्या मावळ्याला ही विद्या कोणी परदेशीयानें शिकवावी लागली नाहीं. अंबरनें तिची किंमत ओळखली आणि तिला पगार, शिस्त व मोठें रणांगण दिलें, एवढें म्हणणें पुरेसें आहे. वेरूळचे भोसले ह्याच सैन्यांत वाढले.

ह्या सैन्याची सर्वांत मोठी कसोटी १६२४ सालीं अहमदनगरजवळ भातवडी येथें लागली. मोगल आणि विजापूरकर एक होऊन चालून आले होते. अंबरनें भातवडीच्या तलावाचा बांध फोडून शत्रूच्या छावणीभोंवतीं चिखल करून टाकला, आणि मग त्यांच्यावर तुटून पडला. विजापूरचा सेनानी मुल्ला महंमद मारला गेला, मोगल सरदार कैद झाले. शहाजीराजे ह्या लढाईंत अंबरच्या बाजूनें लढले. त्यांचे बंधु शरीफजी तेथेंच पडले. कवींद्र परमानंदांनीं शिवभारत ह्या संस्कृत काव्यांत ह्या युद्धाचें वर्णन विस्तारानें केलें आहे. महाराजांच्या पदरच्या कवीला हा प्रसंग गाळावासा वाटला नाहीं.

मे १६२६ मध्यें सुमारें ऐंशी वर्षांचा होऊन अंबर वारला. खुलदाबादेस त्याची कबर आहे, शेजारीं त्याची पत्नी बीबी करीमा हिची. राज्य फार टिकलें नाहीं. मुलगा फत्तेखान यानें शहराला फत्तेनगर असें आपलें नांव दिलें, पण १६३३ सालीं दौलताबादचा किल्ला मोगलांच्या हवालीं केला. १६३६ मध्यें निजामशाही संपली. नहरी मात्र नव्या धन्यांनीं मोडल्या नाहींत. औरंगजेब १६५३ सालीं दुसऱ्यांदां सुभेदार होऊन आला आणि शहराला त्याचें नांव पडलें. वस्ती वाढूं लागली तसतशा त्याच तत्त्वावर आणखी नहरी निघाल्या. अशाच एका नहरीच्या पाण्यानें पुढें पाणचक्कीचा दगड फिरूं लागला आणि बाबा शहा मुसाफिर यांच्या दर्ग्याच्या लंगरासाठीं पीठ पडूं लागलें. चित्रांतल्या मुंडक्यावर बाण सोडणाऱ्या जहांगीराचा हा नातू; तोहि अखेर १७०७ सालीं खुलदाबादेसच पुरला गेला.

आज शहराची तहान मुख्यतः पैठणच्या नाथसागरावर भागते. तें पाणी चाळीस मैलांच्या आंतलें खरें, पण तें पंपांनीं चढ चढवून आणावें लागतें, आणि गेलीं कित्येक वर्षें उन्हाळ्यांत अनेक वस्त्यांतील गृहिणी पुढच्या पाण्याचा वार मोजीत बसतात. हर्सूलच्या तलावावर जुन्या शहराचा कांहीं भाग अजून अवलंबून आहे. नहरींवर मात्र रस्ते झाले, घरें झालीं. कोठें पायाच्या खोदकामांत भुयार फुटलें, कोठें त्यांत सांडपाणी शिरलें, आणि डोंगरांतील ज्या जागीं पाऊस मुरावयाचा तेथें जमीन बांधकामाखालीं झांकली गेली. शहरांत फिरतांना एखाद्या गल्लींत, दुकानाच्या भिंतीला चिकटून, वर कांहींच नसलेला एक चिरेबंदी मनोरा दिसतो. मुलें विचारतात हें काय, आणि वडील माणसें बहुधा कोणता तरी बुरूज असेल असें सांगून पुढें जातात. तो अंबरच्या विद्येचा मनोरा असतो. त्याच्या पायथ्याशीं कान लावला तर कांहीं ठिकाणीं अजूनहि पाणी ऐकूं येतें, असें तेथील जुनीं माणसें सांगतात.